माझे पाय लाखोळीचे नव्हते

पाय दुखतात म्हणणाऱ्या बाईला आपल्याकडे उत्तर तयार असतं: वात आहे. कोणालाही विचारा, हेच सांगेल आणि वर एक तेलही सांगेल. मला या वाताचा भारी राग आहे. या एका शब्दापायी माझं जवळजवळ अख्खं वर्ष मातीत गेलं आणि पायही जाता जाता राहिले. म्हणून हे लिहून ठेवते. मी काही डॉक्टर नाही. उमरेडच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली आणि नागपुरात विणकराच्या घरी दिलेली बाई आहे. औषधांची नावं मला विचारू नका. भीती कशी असते ते मात्र मी नीट सांगू शकते.

थंडगार खोली

पाचपावलीत आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत चूल, देव आणि माणसं, मागच्या खोलीत खड्ड्याचा माग. आमचे हे त्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर लुगडी विणायचे. (नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, आता लिहितानाही हात अडतो.) मी बाजूला रहाटावर बसून धोट्यात घालायच्या कांड्या सुतानं भरून द्यायची. नागपूरची हवा कोरडी, सूत कडकड तुटतं. म्हणून मागाच्या खोलीची खिडकी गोणपाट ठोकून बंद केलेली होती. ते गोणपाट आणि खालची जमीन सारखी ओली ठेवायची. दिवसाही दिवा लावावा लागे. शेजारणी यायच्या आणि म्हणायच्या, तुमच्याकडे काय बाई गारवा!

माझी यमू झाली तेव्हा सासूनं माझी बाज त्याच खोलीत टाकली. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांनी ती बाज मायेनंच टाकली, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. बाळंतिणीला ऊन नको, वारा नको, कोणाची नजर नको. महिने सरले तरी मी तिथंच. यमूला पाजायचं, कांड्या भरायच्या, परत पाजायचं. घरात दूध यायचं ते चहापुरतं.

दुखायला लागलं ते आधी नडगीत, मग मांड्यांत, मग कमरेत. ठणका म्हणावा तर ठणका नाही, चमक म्हणावी तर चमक नाही. हाडाच्या आतून कोणीतरी दाबतंय असं वाटायचं. रहाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागे, मग भिंतीला, मग यांच्या खांद्याला. चालताना मी दोन्हीकडे डुलायला लागले. गल्लीतली पोरं माझ्यामागं बदकासारखी चालून दाखवायची आणि मी त्यांना त्यांच्या आजोबांपर्यंत शिव्या घालायची. तोंड शाबूत होतं माझं!

आत्याबाई म्हणाल्या, "बाळंतपणाचा वात होय. वारा लागला असन कुठं."

झालं. होतं नव्हतं ते दारही बंद झालं. सकाळी तेल, संध्याकाळी शेक. गुडघ्याला बिब्बा लावला, त्याचे फोड आले, ते फुटले. आत्याबाई नडगी चोळायला लागल्या की मी किंचाळायची. त्या म्हणायच्या, "वरड. जितकी वरडशीन तितका वात निघते." निघत कुठं होता? पावसाळा संपता संपता मला यमूला उचलून घेता येईना. ती रडायची आणि मी बाजेवरून हात पसरून नुसती "ये, ये" करायची. तिला अजून रांगताही येत नव्हतं.

एक प्रश्न

दसऱ्याच्या सुमारास यांनी गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांना घरी आणलं. म्हातारे होते, घाईत होते. त्यांनी मला चार पावलं चालवलं, माझं डुलणं बघितलं आणि दारातूनच विचारलं, "माहेर कुठलं? लाखोळी खात होते का तुमच्याकडे?"

आत्याबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं. लाखोळी म्हणजे काय ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. तुरीच्या डाळीसारखी दिसते, कमी पाण्यात पिकते, स्वस्त पडते. सरकारनं विकायला बंदी केली होती तरी गावोगाव मिळायचीच. आणि रोज खाल्ली की माणसाचे पाय जातात, हेही सगळ्यांना ठाऊक. गेले की येत नाहीत. आमच्याकडे उमरेडच्या बाजारात तसे लोक काठ्या टेकत यायचे. त्यांचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकायचे. लहानपणी मी माझ्या मायच्या लुगड्याआड लपून त्यांच्याकडे बघायची.

उत्तराची वाट न बघताच डॉक्टर गेले. आत्याबाई उभ्याच होत्या.

"लाखोळी चारून पोरगी देल्ली आमाले," त्या म्हणाल्या. "आन् आमी येड्यासारखे तेल चोळून राहिलो!"

आणि मी खाल्ली होती. रेशनवर लाल ज्वारी मिळायची त्या दुष्काळाच्या दिवसांत आमच्या घरी लाखोळीचं वरण होतं, लाखोळीचे वडे होते, भाकरीतही तेच पीठ होतं. वडे मला फार आवडायचे. मी मागून मागून खायची.

निरोप गेला आणि दुसऱ्याच दिवशी माझी माय एस.टी.नं आली. आत्याबाईंनी तिला पाण्याचं विचारलं, पण बसायच्या आधीच विषय काढला. माय म्हणाली, "एक दाना नाही खाल्ला आमच्या घरी. देवाशपथ." पुढं दोघींचं असं काही जुंपलं की यांनी माग थांबवला. शेवटी आत्याबाई शांत झाल्या, आणि त्यांचं ते शांत होणंच मला जास्त लागलं.

"पाहा इहीनबाई," त्या म्हणाल्या, "मी वाईट नाही. पण मायं वय झालं. हिचं कराव का पोरीचं कराव का चूल पाहाव? हिले घेऊन जा उमरेडले. बरी झाली का आणा. पोरगी राहीन आमच्यापाशी."

बरी झाली का आणा! लाखोळीचे पाय बरे होत नाहीत हे त्यांना माहीत होतं, मायला माहीत होतं, मला माहीत होतं. पाय नाहीत म्हणजे घर नाही, आणि यमू नाही. इतका सरळ हिशोब होता तो. मी यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून तुटलेला धागा जोडत होते. तो जोडून झाल्यावर म्हणाले, "पहिले मोठ्या दवाखान्यात दाखवू. मंग पाहू."

आत्याबाई पाणी भरायला बाहेर गेल्या तेव्हा माय माझ्या बाजेवर बसली. माझे पाय मांडीवर घेतले आणि हळूच म्हणाली, "खाल्ली वं बाई. काय करू? दुसरं होतंच काय घरात? म्याच चारली तुले." मी तिला म्हणाले, तुम्ही सगळ्यांनीच खाल्ली, तुमचे पाय कुठं गेले? तिला ते ऐकू आलं नाही.

गिरजाबाईच्या बाजूची खाट

सायकलरिक्षानं नेलं मला. पाचपावलीपासून दवाखान्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा माझ्या कमरेनं मोजला. सरकारी दवाखाना, बायकांचा वॉर्ड, फिनाइलचा वास, छताला गरगरणारे पंखे. पहाटे झाडूवाली यायची, मग चहा, मग सिस्टर चादरी ओढून सरळ करायची आणि आम्हाला दटावायची, "उठून बसा, राउंड आहे!" मला उठून बसता आलं असतं तर मी तिथं कशाला आले असते, हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. तेव्हापासून ती मला जरा जपूनच हात लावायची. माणूस चांगली होती.

यमू घरी होती. तिला वरचं दूध सुरू केलं होतं. माझा पदर ओला व्हायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

बाजूच्या खाटेवर गिरजाबाई होती. उमरेडच्याही पलीकडच्या खेड्यातली, मळ्यात राबणारी, माझ्याहून थोडी मोठी. तिला मजुरीत धान्य मिळायचं आणि ते धान्य म्हणजे लाखोळी. ती काठी घेऊन चवड्यांवर चालायची, एक गुडघा दुसऱ्यावर घासायचा. स्वभाव मात्र असा हसरा की मला तिचा रागच यायचा.

"तुयं काय वं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"तुमचंच," मी म्हणाले.

"मंग लवकर दोस्ती कर. आपल्याले कुठं पळून जायचं नाही."

मी दिवसभर तिचे पाय बघायची. ती झोपली की बघायची, ती न्हाणीकडे निघाली की बघायची. ते पाय म्हणजे माझे पुढच्या वर्षीचे पाय. शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं यायचे आणि रबरी हातोडीनं तिच्या गुडघ्यावर मारायचे, पाय ताडकन उडायचा. मग माझ्या गुडघ्यावर मारायचे. माझा पाय थोडासाच हलायचा. ते एकमेकांकडे बघायचे, इंग्रजीत बोलायचे, आणि मला विचारायचे, "लाखोळी किती वर्षं खाल्ली?" कारण भरती होतानाच आत्याबाईंनी मोठ्यानं सांगून ठेवलं होतं, साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. मग माझ्या पायांचा फोटो काढला, कमरेचाही काढला. फोटो कधी येणार, तर मोठे डॉक्टर आल्यावर. मोठे डॉक्टर कधी येणार, तर येतील. मी देवाला एवढंच म्हणायची की दुसरं कायबी दे. क्षय दे, पण लाखोळी नको. काय मागत होते माझं मलाच कळत नव्हतं.

मोठे डॉक्टर

ते आले त्या दिवशी माय डबा घेऊन आली होती आणि आत्याबाईही होत्या. दोघी खाटेच्या दोन बाजूंना, एकमेकींकडे न बघता उभ्या. यांनी त्या दिवशी माग बंद ठेवला होता आणि ते दाराशी थांबले होते.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, खूप वेळ बघितला. मग माझ्याजवळ आले आणि काही न सांगता माझ्या नडगीवर अंगठा दाबला.

मी अशी किंचाळले की पलीकडच्या बायका उठून बसल्या. तोंडातून एक शिवीही गेली, ती इथं लिहीत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. वळले आणि तसाच अंगठा गिरजाबाईच्या नडगीवर दाबला.

"दुखतं?"

"नाही जी," गिरजा म्हणाली. "मले पह्यलेपासूनच दुखत नाही. पाय आयकतच नाहीत, बस."

डॉक्टर शिकाऊ पोरांना काहीतरी बोलले. मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लाखोळीनं पाय ताठतात. पण हाड दाबलं म्हणून असं कोणी ओरडत नाही. हिची हाडं मऊ पडली आहेत." आणि मला विचारलं, "दिवसभर बसता कुठं?"

मी खोली सांगितली. खिडकी, गोणपाट, ओली जमीन, दिवा.

"अंगावर ऊन कधी येतं?"

मला आठवेना. माझ्या आधी आत्याबाईच बोलल्या, आणि चांगल्या छाती काढून बोलल्या. "ऊन? बाळंतीण बाईले ऊन कायले लागू देऊ डॉक्टरसाहेब? डोळ्यांत तेल घालून जपली म्या हिले. पोरगी झाल्यापासून उन्हाची तिरीप लागू देल्ली नाही."

"तेच झालं आहे," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी साध्या भाषेत समजावलं. हाडं घट्ट राहायला शरीराला ऊन लागतं. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असलं तरच दुधातला, भाजीतला चुना हाडात जातो. माझ्या अंगाला ऊन नाही, पोटात दूध नाही, आणि जे होतं नव्हतं ते यमू पीत होती. तिनं प्यायलं ते बरंच केलं, म्हणाले, पण आईलाही द्या काहीतरी.

"चालंन का ती?" हे यांनी विचारलं, दारातूनच.

"चालेल. वेळ लागेल. इंजेक्शनं, गोळ्या, दूध आणि रोज ऊन. हातपाय उघडे ठेवून ऊन."

"लाखोळी नाही ना जी?" माय म्हणाली. डॉक्टर नाही म्हणाले. तिनं परत विचारलं. ते पुढच्या खाटेकडे गेले तर ही त्यांच्यामागं गेली आणि तिसऱ्यांदा विचारून आली. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि डब्याचं झाकण तोंडाशी धरून रडली. आत्याबाई हातातल्या पिशवीचा बंद सोडत होत्या आणि परत बांधत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी गिरजाकडे बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकाच अंगठ्यानं मी सुटले होते आणि ती अडकली होती.

गिरजाच बोलली. "माह्याकडं काय पाहतं? तुयं दुखते ना? मंग वरड खूप. दुखते म्हंजे जित्तं आहे." मग ती आपल्या पायांकडे बघत बसली, आणि त्या दिवशी हसली नाही.

उमरेडचं ऊन

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तरी मला उमरेडला धाडायचं ठरलेलं मोडलं नव्हतं. वेळ लागेल म्हणजे किती, ते कोणालाच माहीत नव्हतं आणि तेवढा वेळ कोण निस्तरणार हा प्रश्न होताच. मायनं गाठोडं बांधलं. एस.टी.ची वेळ झाली होती. मी दाराशी पाटावर बसले होते आणि यमूला मांडीवर घट्ट धरलं होतं. तिला माझ्याकडून घ्यायला कोणी आलं असतं तर मी चावले असते, खरंच सांगते.

आत्याबाई आतून आल्या. गाठोडं बघितलं.

"कुठं नेता हिले?"

"उमरेडले," माय म्हणाली. "तुमीच तर म्हनलं होतं."

"म्हनलं होतं," आत्याबाई म्हणाल्या. "ऊन काय उमरेडलेच पडते? पाचपावलीत पडत नाही?" आणि गाठोडं उचलून आत घेऊन गेल्या. माफी वगैरे काही नाही. त्यांच्या घराण्यात तो शब्दच नव्हता. माय तशीच दारात उभी राहिली, मग म्हणाली, "चहा तरी द्या मंग." दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी माझी बाज गल्लीत आली. सकाळी आमच्या गल्लीत पाजणी चालायची. ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे, गल्लीभर ताणून त्याला खळ लावायची आणि उन्हात वाळवायची. सगळी मोठी माणसं तिथं असायची, सासरे, चुलत सासरे लागणारी, साऱ्या गल्लीची. त्यांच्यासमोर सून डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. आणि मी तिथं बाजेवर, नडग्या उघड्या, दंड उघडे! पहिल्या दिवशी मी लाजेनं डोळे मिटून पडून होते. कोणीतरी खाकरलं. कोणीतरी म्हणालं, हे काय चालू झालं गा?

आत्याबाई बाजेच्या उशाशी तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूपच आपटलं.

"सुताले ऊन दाखवता तवा काही वाटत नाही! माह्या सुनेले दाखवलं तर डोये काहून फाटले? पाहा आपापला ताना."

परत कोणी खाकरलं नाही.

यांनी खिडकीचं गोणपाट काढलं. सूत तुटायला लागलं. खटखट थांबायची, धागा जोडायचे, परत खटखट. लुगडं निघायला उशीर होत होता, पण त्यावरून हे मला एक शब्द बोलले नाहीत. घरात माझ्यासाठी वेगळा पेला दूध यायला लागलं आणि आत्याबाई तो मी संपवेपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

आणि तरी दुखत होतंच. हेच मला तुम्हाला सांगायचंय, कारण हे कोणी सांगत नाही. औषध सुरू झालं म्हणून सकाळी उठून कोणी नाचत नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, मी अजून भिंत धरून उठत होते. मनात यायचं, डॉक्टर चुकले असतील. लाखोळीच असेल. रोज बाजेवर बसल्या बसल्या मी स्वतःच आपल्या नडगीवर अंगठा दाबायची. दुखलं की जीव भांड्यात पडायचा. आणि एक दिवस दाबलं तर कमी दुखलं. हाड बरं होतंय की पाय मरतोय? मी यांना घेऊन धावतपळत दवाखाना गाठला. धावत कसली, रिक्षात. डॉक्टर हसले आणि म्हणाले, हाड भरतंय.

गिरजाबाई तेव्हा वॉर्डातच होती, जायच्या तयारीत. मला म्हणाली, "चालून दाखव." मी खाटांमधून जाऊन आले, डुलत, पण कोणाला न धरता. ती टक लावून माझ्या पायांकडे बघत होती, जशी मी तिच्या पायांकडे बघायची. "शाबास," म्हणाली. मी घरून आणलेली तुरीची डाळ तिच्या गाठोड्यात बांधून दिली. तिनं ती घेतली, आणि घरी गेल्यावर परत मजुरीत काय मिळणार होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

संक्रांत होऊन गेली होती. मी गल्लीत जमिनीवर सतरंजी टाकून उन्हात कांड्या भरत होते. पाजणी चालली होती. यमू आता रांगायला लागली होती, ती रांगत रांगत ताण्याखाली गेली, डोकं काठीला आपटलं आणि भोकाड पसरलं. मी उठले, गेले, तिला उचललं, कडेवर घेतलं. तिला गप्प करता करता लक्षात आलं की मी उभी आहे. जमिनीला हात टेकला नाही, भिंत धरली नाही. पोरगी माझ्या कडेवर आहे.

पाजणीवाल्यांचे हात थांबले होते. आमचे हे दारात आले होते. आत्याबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. मला वाटलं, आता या काहीतरी म्हणतील.

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "डोक्यावर पदर घे वं! मोठी मानसं पाहून राहिली."